महामायाबाईचं नाक

आमच्या वायनरीत महामायाबाईसारखं नाक दुसऱ्या कुणाला न्हाई. मालकाला न्हाई, पुण्याहून येणाऱ्या मोठमोठ्या सायबांना बी न्हाई. कुणाला पटत नसंल तर नको पटू द्या, मी वीरण्णा छाती ठोकून सांगून राहिलो.

बाई मुखेडकडची. लग्न होऊन लातूरला आली आन् बावीस वर्षं डाळमिलच्या गोदामात राबली. पोत्यात हात घालायची, मूठभर तूर नाकाशी धरायची आन् सांगायची, हे भिजलंय, हे न्हाई. मिल बंद पडली तशी औशाजवळ किशनरावांच्या वायनरीत बाटल्या धुवायला लागली. म्हैनाभरात एका पिंपाशी थबकली. "मालक, हे आंबून राहिलंय." पिंप उघडलं, तर खरंच! तवापासून पिंपं हुंगायचं काम तिचं.

गंमत अशी, की बाई पंचशील पाळणारी. थेंब जिभेला लावत न्हाई. "दारूच्या कारखान्यात पंचशील! लईच झालं की," असं मी चिडवायचो. ती म्हणायची, "हुंगायला कुणी मना केलंय? तू आपले गिलास धू."

गिलास धुणं माझं काम. तिथंच म्या माती खाल्ली.

किशनरावांनी चार वर्षं जीव टाकून एक लाल वाइन केली होती. कॅबर्ने आन् मर्लो अशा दोन द्राक्षांची, फ्रान्समधल्या बोर्दोच्या धर्तीवर, दीड वर्ष ओकच्या पिंपात मुरवलेली. मोठ्या हॉटेलांसाठी वाइन निवडणाऱ्या तनुजा मॅडम ती चाखायला येणार होत्या. त्यांनी नापास केली तर वेली उपटून सोयाबीन पेरायचं, हे मालकांनी पक्कं केलं होतं.

आदल्या दिवशी मी नवे गिलास घासून लख्ख केले. उन्हाळ्याची धूळ उडून राहिली होती, म्हणून एक पोतं ओलं केलं आन् त्याच्यावर सगळे पालथे घातले. आमच्या घरी तांबे-पेले असेच ठेवतेत. मला वाटलं, काय शहाणपणा केला वीरण्णा तू!

सकाळी मॅडम आल्या. गिलास पांढऱ्या कागदावर तिरका धरला. "रंग सुरेख. काठाला विटेची झाक येऊ लागलीय." मालक खुलले. मग मॅडमनी गिलास नाकाशी नेला आन् कपाळाला आठ्या घातल्या. "कुबट वास येतोय. बूच खराब असेल. दुसरी उघडा."

दुसरी बाटली उघडली, दुसऱ्या गिलासात ओतली. तेच. "दोन्ही बाटल्या अशा, म्हणजे पिंपातच दोष," असं म्हणून त्यांनी पेनाला टोपण लावलं. मालक मटकन खाली बसले.

महामायाबाई पिंपांकडून आली. तिनं बाटलीचं तोंड हुंगलं. मग एक रिकामा गिलास उचलून हुंगला आन् मॅडमपुढं धरला. "ताई, याच्यात कायबी ओतलेलं न्हाई. हुंगा."

"अगं बाई! वास तर गिलासाला आहे!"

"ओल्या गोणपाटाचा हाय. बावीस वर्षं हाच हुंगत आले."

बाईनं गिलास त्याच वाइननं दोनदा खंगाळला, मग पुन्हा ओतायला लावलं. मॅडमनी घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले आन् बादलीत थुंकला. अरे देवा, एवढा महागाचा घोट! "जांभूळ, मग मिरी. मागं देवदाराची पेटी उघडल्यासारखं. तुरट आहे, पण कच्चं नाही. अजून पाच-सहा वर्षं हिची चव चढतच जाईल."

"सुकं तंबाखूचं पान बी हाय मागं," बाई हळूच बोलली.

मॅडमनी पुन्हा हुंगलं, बाईकडं बघितलं आन् ते बी लिहून घेतलं. वाइन पास झाली.

मालक उठले ते गरजतच. "गिलास पोत्यावर कुणी घातले?"

गिलासांना माझ्याबिगर कुणी हात लावत न्हाई, हे बाईला ठाऊक. आन् खोटं न बोलणं बी तिच्या पंचशीलातलंच. म्हटलं, वीरण्णा, आता तू कामावरून गेलास.

बाई म्हणाली, "मालक, गिलासांना वास धरतो हे मला ठाऊक होतं. कुठं ठेवायचे ते मी आधीच सांगाया पाहिजे होतं. ते माझ्याकडनं ऱ्हायलं."

एक शब्द खोटा न्हाई, आन् माझं नाव बी न्हाई! मला लई लाज वाटली. मग माझ्यानं ऱ्हावलंच न्हाई. "म्या घातले, मालक," मी बोलून मोकळा झालो.

मालकांनी काय काय ऐकवलं ते इथं सांगत न्हाई, पण कामावर ठेवलं. बाईनं धुतलेला सुती पंचा माझ्या हातात दिला. आता गिलास पुसला की मी आधी तिच्या नाकाशी नेतो. आन् पंचशीलावरून पुन्हा कधी चिडवलं न्हाई.