खिडकीजवळचं पॉकेट

बिलियर्डच्या टेबलाला सातारकुलने बसवलेल्या पॉकेटात चेंडू घालणं म्हणजे खायचं काम नव्हतं. चेंडू आत जाताना दोन्ही बाजूंना मिळून चार मिलिमीटर जागा, त्याहून केसभरही जास्त नाही. नेम जरा हुकला की चेंडू तोंडातच अडकायचा आणि खेळणारा सातारकुलच्या नावाने बोटं मोडायचा. सातारकुलला त्यात भारी मजा वाटे. "पॉकेट आहे ते, मेंढ्यांच्या वाड्याचं फाटक नाही," असं म्हणून तो निवांत चहा प्यायचा. मूळचा तो खोगिरं शिवणारा. कोचकोर गावात घोडी कमी झाली तसा बिलियर्डच्या टेबलांकडे वळला. लोखंडी कमान, चामडं, दोऱ्याची जाळी, सगळं स्वतःच्या हाताने. घमेंड भरपूर होती, पण काम तसंच होतं, त्यामुळे त्याला कोणी काही बोलत नसे.

एक माणूस बोलायचा. बेइशेनाली. दोघं कुर्दाश, एकाच वर्षी जन्मलेले. आणि कुर्दाशांनी एकमेकांची वाट्टेल तशी टर उडवावी, समोरच्याने रागवायचं नाही, असा शिरस्ताच आहे. बेइशेनालीने उभा जन्म दोलोनच्या घाटातून ट्रक हाकला, आणि गुलसुन चालवायची त्या बिलियर्डच्या खोलीत त्याच्या तोडीचा गडी नव्हता. सातारकुलच्या साठीला बेइशेनालीने त्याच्या डोक्यावर लोकर दाबून केलेल्या पांढऱ्या नमद्याची टोपी, कल्पाक, चढवला. त्यावरची नक्षी बेइशेनालीच्या बायकोने, उल्बालाने, स्वतः शिवलेली. "आत काही नाहीच, बाहेरून तरी डोकं झाकू दे," असं तो भर पंगतीत म्हणाला होता.

पुढे उल्बाला गेली. मागोमाग बेइशेनालीची दृष्टी जाऊ लागली, कडांपासून आत आत सरकत. डॉक्टरांनी हात टेकले. तो हरू लागला, मग खोलीवर यायचाच थांबला. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात, असं त्याची सून नूरजमाल सांगायची. सातारकुलला ते सोसवेना.

एका सोमवारी खोली बंद असताना त्याने आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. खिडकीजवळच्या कोपऱ्यात उजेड असे, तिथलं काळं भोक तेवढं बेइशेनालीला दिसे. त्या पॉकेटच्या दोन्ही बाजूंचे बोल्ट सैल करून सातारकुलने टेबलाच्या कडा मागे सारल्या. तोंड सहा मिलिमीटरने वाढलं. पण आता लोखंडी कमान जागेवर बसेना. लाकडात नि लोखंडात फट राहिली, कमान खुळखुळू लागली. फट भरायला जाड, घट्ट नमदा हवा. बायको घरातल्या नमद्याच्या गालिच्याला हात लावू देईना. शेवटी त्याने पेटीतून कल्पाक काढला. कल्पाक कोणी जमिनीवरसुद्धा ठेवत नाही, कापणं तर दूरच. बेइशेनालीनेच दिलेली वस्तू त्याच्याच कामी येतेय, असं सातारकुलने मनाला समजावलं आणि कात्री चालवली.

मग तो बेइशेनालीच्या उशाशी जाऊन उभा राहिला. "ऊठ रे आंधळ्या. हरायला तरी चल."

बेइशेनाली आला आणि त्या दिवशी जिंकला. पुढची दोन वर्षं तो अधूनमधून जिंकत राहिला. जेवू लागला, दाढी करू लागला, पोराबाळांची चौकशी करू लागला. "डोळे गेले, हात शाबूत आहे, बघ!" असं तो ओरडे आणि सातारकुल तोंड वाकडं करून म्हणे, "नशीब आहे तुझं, दुसरं काय!" खोलीतल्या इतरांना सगळं कळत होतं, पण एकानेही तोंड उघडलं नाही. माणसं चांगली होती.

पण नारिनहून आलेल्या पाहुण्याला काय माहीत? "या पॉकेटात तर टरबूजही जाईल," असं म्हणून तो हसला.

गुलसुनला ते फार लागलं. "सातारकुल आबा, पुढच्या आठवड्यात इथे सामने आहेत. कमान हलतेय, कडा वाकडी आहे. माझी अब्रू जातेय हो. नीट बसवून द्या."

"बघू. थंडी कमी होऊ दे."

"कसली थंडी?" बाकावरून बेइशेनाली गरजला. "आळशी म्हातारा! आण पाना. मी कमान धरतो, तू बोल्ट खोल."

सातारकुलने दहा सबबी सांगितल्या. एकही चालली नाही. बोल्ट निघाले, कमान सुटली, आणि नमद्याची घडी बेइशेनालीच्या तळहातावर पडली. त्याने ती बोटांनी चाचपली. नक्षीशी बोट थांबलं.

"हा उल्बालाचा टाका आहे," तो म्हणाला.

सातारकुलने पाना खाली ठेवला.

"कडा किती सरकवलीस?"

"सहा मिलिमीटर."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"म्हणजे दोन वर्षं तुम्ही सगळ्यांनी मला खेळवलंत. आणि तेही तिचं शिवलेलं कापून." घडी खिशात घालून तो भिंत चाचपत निघाला. सातारकुलने धरलेला हात त्याने झटकला.

सातारकुलने ते पॉकेट चार मिलिमीटरवर असं बसवलं की फटीत नख शिरेना. एवढं चोख काम त्याने जन्मात केलं नव्हतं, आणि त्या कामाची त्याला शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी तो बेइशेनालीच्या फाटकाशी गेला. "आबा झोपलेत," नूरजमाल म्हणाली. आठवड्याने पुन्हा गेला. "झोपलेत." बोलताना तिने मान खाली घातली. सातारकुल काय समजायचं ते समजला. त्याला आणखी कशाला छळू, असं म्हणून तो परत गेला नाही. हिवाळाभर रोज फाटकापर्यंत जायचं मनात येई आणि लाज आड येई.

मार्चमध्ये तो तिसऱ्यांदा गेला तेव्हा फाटक सताड उघडं होतं आणि पुरुष आक्रोश करत आत शिरत होते. छातीच्या दुखण्याने बेइशेनाली चार दिवसांत आटोपला होता. दफनाआधी मौलवींनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "माणूस कसा होता?" सगळे एका आवाजात म्हणाले, "चांगला होता." सातारकुलचा आवाज मागाहून, एकट्याचा निघाला.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणानंतर नूरजमालने त्याला बाजूला बोलावून एक पुडकं हातात दिलं. आत ती नमद्याची घडी होती, आणि तिच्यात पांढरा दोरा ओवलेली सुई खोचलेली.

"आबांनी मलाच ओवायला लावली. म्हणाले, सातारकुल उरलेला कल्पाक घेऊन येईल, तेव्हा माझ्यासमोर बसून त्याच्याकडूनच शिवून घेतो."

"मग दोनदा आलो, तर झोपलेत म्हणालीस?"

"पहिल्यांदा रागात होते. दुसऱ्यांदा..." नूरजमालचे डोळे भरले. "दुसऱ्यांदा उशीत तोंड खुपसून हसत होते हो. म्हणाले, कुर्दाश आहे, त्याला तीन हेलपाटे घालू देत, मग दार उघड. नंतर रोज विचारायचे, फाटक वाजलं का म्हणून."

सातारकुल तिथेच पायरीवर बसला. कापलेला कल्पाक त्याच्या घरी पेटीत होता, आणि त्याचं घर इथून चौथं होतं.