हुंकार देणारी भट्टी

"हुं."

आवाज भट्टीतून आला. बबनराव माझ्याकडे वळले. "ऐकलंत बाई? हा निवृत्तीच."

निवृत्ती हा भट्टीवरचा त्यांचा जोडीदार. काहीही विचारा, उत्तर एकच: "हुं." तो दसऱ्याच्या आधी वारला. दसऱ्यानंतर हडपसरच्या ज्या कारखान्यात मी इंजिनिअर होते, तिथली भट्टी हुंकार देऊ लागली. बर्नर मोठा केला की छातीतून यावा तसा खोल, नाकातला आवाज. माझा भुतांवर विश्वास नाही. तरी मी हळूच म्हटलं, "निवृत्ती?"

"हुं."



भट्टीत तापवायचे शाफ्ट, म्हणजे पोलादी दांडे, तेही बिघडत होते. एका टोकाला पांढरे तापत, दुसऱ्या टोकाला काळपट राहत. साहेबांचा निकाल तयार होता. "भट्टी बोलत नाही, दारू बोलते. सोमवारपासून बबनराव घरी."

"साहेब, ते माळकरी आहेत."

"मग भट्टी पीत असेल. शोधा आपण. शनिवारपर्यंत."

मुलांनो, आधी बर्नरचं सांगते. नळाची जोरदार धार बादलीत पडली की आजूबाजूचं पाणीही तिच्याबरोबर ओढलं जातं. बर्नरच्या नोझलमधून, म्हणजे तोंडातून, सुटणारा झोत भट्टीतला गरम वायू असाच ओढून घेतो आणि सगळीकडे फिरवतो. जितकं जास्त ओढेल तितकी उष्णता सारखी पसरते.

भट्टी थंड केली. नुसती हवा सोडली आणि झोताच्या कडेला उदबत्ती धरली. धूर झोताकडे खेचला जायला हवा होता. तो जेमतेम कलला. मी आत बॅटरी मारली. नोझलचं तोंड गोल, गुळगुळीत होतं.

"बबनराव, याला सहा खाचा होत्या. कुठे गेल्या?"

त्यांनी वाकून आत बघितलं. मग म्हणाले, "खंडेनवमीला बर्नर पूजेला काढला. दरवर्षी निवृत्ती पुसायचा. यंदा मी बघितलं तर तोंड सहा ठिकाणी तुटलेलं. खंडित वस्तूची पूजा करत नाहीत, बाई. लेथवर गोल करून आणलं."

खाचांमुळे झोताची कड लांब होते, म्हणून तो जास्त वायू ओढतो. त्या गेल्यावर झोत भाल्यासारखा सरळ समोरच्या भिंतीवर आदळत होता, म्हणून शाफ्टचं तिकडचं टोकच तापत होतं. शिवाय खाचा नसलेल्या गोल तोंडावरून हवेची वलयं एका तालात सुटतात आणि भट्टीत आवाज घुमतो. तोच हुंकार.

स्टोअरमधलं खाचांचं नोझल बसवलं. उदबत्ती आता बबनरावांच्या हातात दिली. या वेळी धूर चहूबाजूंनी आत गेला, कुणीतरी तो पीत असल्यासारखा. बबनरावांनी हात मागे घेतला.

भट्टी पेटवली. शाफ्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखे लाल झाले. आवाज नव्हता.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, "नोझलचा आकार बदलला गेला होता."

साहेबांनी दोनदा वाचलं. "बदलला गेला? आपोआप?"

"हुं," मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. सोमवारी बबनराव भट्टीवरच होते. मी जवळून गेले तेव्हा मान वर न करता म्हणाले, "गप्प केलंत त्याला."

आमच्या ड्रॉइंगवर तेव्हा सगळं इंग्रजीत असे. त्या दुपारी मी नोझलच्या ड्रॉइंगखाली मराठीत एक ओळ वाढवली: "खाचा मुद्दाम आहेत. पूजेला चालतील."