पेरूचा पाला आणि वहिनींचं तळं

वहिनींना वहिनी म्हणायला नातं लागत नसे. भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत त्या सगळ्यांच्याच वहिनी. घरामागचं तळं नवऱ्याने खणलं होतं, आणि तो गेल्यावर माशांचा संसार त्यांनी एकटीने ओढला. माशांशी त्या बोलायच्या, रागवायच्या, प्रसंगी अबोलाही धरायच्या. अबोल्याने मासे सुधारले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

पण लागोपाठ दोन हंगाम मासे काही अंग धरेनात. बोटभर वाढायचे, अंगावर चट्टे उठायचे, की चालले पोट वर करून. शेवटी धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, एवढा हंगाम बघू. नाही जमलं तर तळं बुजवून टाकू. माझे ट्रक तरी उभे राहतील तिथे." तो वाईट बोलला नव्हता, म्हणून जास्तच लागलं. तळं गेलं तर सकाळी उठायचं कशासाठी, हे वहिनींना ठाऊक नव्हतं.

मत्स्य खात्यातल्या डॉक्टरीणबाईंनी उपाय सुचवला. पेरूची पानं सावलीत वाळवा, पूड करा आणि खाद्यात मिसळा. मासे निरोगी राहतात, वाढतात. "पण थोडीशीच हं," असं दोनदा बजावलं, कारण वहिनींचा हात सढळ. वहिनींनी हात आवरला. विकतचं खाद्य दळलं, त्यात पूड घालून मळलं, खिम्याच्या यंत्रातून काढून वाळवलं आणि तुकडे केले. उशीलासुद्धा पाल्याचा वास यायला लागला.

एरवी त्यांनी खाद्य टाकलं की पाण्यावर नुसती झुंबड उडायची. आता खाद्य पडलं, चार तोंडं वर आली आणि गेली. मग तळं मख्ख. दुसऱ्या दिवशी तेच, पुढच्या महिन्यातही तेच. मेलेला मासा एकही वर येईना, पण जिवंतही दिसेना. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "मरत नाहीत ना? मग चालू ठेवा." वहिनींनी चालू ठेवलं, पण मनातून त्या पार खचल्या. कुठून ही अवदसा आठवली, असं त्यांना झालं. दिराला सांगायचा धीर होईना.

त्यालाच कुणकुण लागली. तो जाळेवाल्याला घेऊनच आला. "बघून टाकू एकदाचं," म्हणाला.

जाळं पडलं, आणि ओढता ओढवेना. दिराने बूट काढून हात लावला. काठावर आले ते तळव्याहून रुंद, लखलखीत मासे, अंगावर एक चट्टा नाही. वहिनींनी एक बादलीत सोडला आणि डब्यातला तुकडा टाकला. तुकडा तरंगलाच नाही, सरळ बुडाला. मासाही खाली गेला आणि त्याने तो गट्ट केला.

विकतचं खाद्य फुगवलेलं, म्हणून तरंगायचं. हातचं मळलेलं तळाला जात होतं, आणि पंगत तिकडेच बसत होती.

"मेल्यांनो!" वहिनी ओरडल्या. "तुम्ही खाली बसून ताव मारताय, आणि इथे तीन महिने माझ्या घशाखाली घास उतरला नाही!"

जाळेवाला हसत सुटला. वहिनीही हसल्या, मग रडल्या, मग पदराने नाक पुसत चिखलातच बसल्या. छातीवरचा धोंडा उतरला होता.

दीर शेजारी येऊन बसला.

"वहिनी," तो म्हणाला, "ते यंत्र फिरवायला उद्यापासून मी येतो. तुम्ही आधी जेवून घ्या."