आजोबांनी दिलेलं पाणी

काल नवा माठ आणला. पहिलं पाणी भरताच भाजलेल्या मातीचा वास स्वयंपाकघरभर पसरला आणि मला आजोबा आठवले.

मी तेव्हा शाळेत होते. मराठवाड्यातल्या आमच्या गावच्या पाटलांचा मुलगा कामासाठी मुंबईत आला होता. तो आजोबांना भेटायला मीरा रोडच्या आमच्या घरी आला. दोघं एकाच वयाचे, सत्तरीतले. उन्हातून जिने चढून आलेला तो खुर्चीत बसत म्हणाला, "नामदेवा, आधी पाणी दे रे."

आई उठली, तर आजोबा म्हणाले, "थांब सूनबाई, मी देतो." त्यांनी माठातून तांब्या भरून त्याच्या हातात दिला. तो घटाघटा प्यायला. आजोबा त्याच्याकडे बघत तसेच उभे राहिले.

तो गेल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं. "लहानपणी यांच्या विहिरीवर मी ओंजळ धरून उभा राहायचो. कुणी वरून ओतलं तर प्यायचं, नाहीतर तसंच परत. विहिरीला शिवायचं नाही."

"मग त्याला पाणी का दिलंत?" मी चिडून विचारलं.

"तहानला होता ना, बाळा."

तेव्हा मला तो त्यांचा भोळेपणा वाटला. आता कळतं, पाण्यासाठी ताटकळणं काय असतं हे त्या खोलीत फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

ही गोष्ट सांगणारी घरात आता मीच उरलेय. काल मुलीला सांगितली. तिचा विश्वासच बसेना. "खरंच असं होतं, आई?"

"होतं," मी म्हणाले. "तुझ्या पणजोबांच्या बाबतीत होतं."