आम्हाला काढलं त्या दिवसाचा बॅकअप

नोकरीवरून काढल्यावर काही महिन्यांनी मॅनेजरसाहेबांचा फोन आला. "मोठं टेन्शन झालंय हो. जरा येऊन जा ना."

रबाळ्याच्या त्या कंपनीत डेटाबेस मीच सांभाळायचो. मग ते काम बाहेरच्या एजन्सीला दिलं आणि माझ्यासकट बऱ्याच जणांना एकाच दिवशी घरी बसवलं. आता एजन्सीच्या कोणा हुशाराने एका कामगाराचं खातं बदलताना, कोणाचं बदलायचं ही अटच कमांडमध्ये घातली नव्हती. मालकापासून वॉचमनपर्यंत सगळे पॅकिंग खात्यात! मी मनसोक्त हसलो. बायको हसली नाही. तिने इस्त्रीचा शर्ट काढला. "अहो, अडलेत ते. नीट बोला, घेतील परत." मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला सांगू? त्याच आशेवर नेरूळहून निघालो.

काम तसं सोपं. बॅकअपच्या फाइलमधून कर्मचाऱ्यांचं तेवढं टेबल, म्हणजे त्यांच्या नोंदींचा तक्ता, बाहेर काढायचं, आधी बाजूच्या रिकाम्या डेटाबेसमध्ये उतरवून बघायचं, मग जागेवर ठेवायचं. काळ्या स्क्रीनवर चार ओळी टाइप करायच्या. पण डिस्क कधीच भरली होती. रोजचा बॅकअप रोज फसत होता आणि बघायला कोणी नव्हतं. शेवटचा धड बॅकअप निघाला तो आम्हाला काढलं त्या दिवशी पहाटेचा. असा संताप आला!

"यातून फक्त खाती उचलू," मी म्हटलं. साहेबांना दम धरवेना. "पूर्ण टेबलच टाका हो. नवीन लोक आम्ही हाताने भरू."

टाकलं. खाती जागेवर आली, पण त्या पहाटे आम्ही अजून नोकरीत होतो, त्यामुळे नंतर काढून टाकलेले आम्ही सगळेही स्क्रीनवर पुन्हा कामावर हजर.

साहेबांनी पाठ थोपटली. "तुमच्यासारखा माणूस नाही." मी पुढच्या वाक्याची वाट बघत राहिलो. "आता एवढं करा, त्या काढलेल्यांना बंद करून टाका. यादी देतो."

एकेकाला बंद करत गेलो. पॅकिंगच्या मावशी, कॅन्टीनवाला, माझ्या शेजारी बसणारा अकाउंटंट. स्वतःची ओळ मुद्दाम मागे ठेवली. साहेब म्हणतील, ही राहू द्या, सोमवारपासून या.

त्यांनी वाकून यादी स्क्रीनशी जुळवली आणि माझ्या नावावर पेन टेकवलं.

"हा एक राहिलाय बघा," म्हणाले. नाव वाचलंसुद्धा नव्हतं त्यांनी.