मुलीला मांडीवर घेण्यापुरती पाठ

अंगात सुया टोचल्या की अर्धा तास हलायचं नसतं. पालथं पडायचं, फोनही धरायचा नाही. मग माणूस बोलणार नाही तर काय करणार! तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत आमच्या डॉक्टरम्मांचा अ‍ॅक्युपंक्चरचा दवाखाना आहे. एका खोलीत तीन खाटा आणि मधे नुसते पडदे. तिथे जाऊन जाऊन माझ्याकडे इतके किस्से साठले की घरी कोणी पाठीची चौकशी करेनासं झालं, आज काय घडलं तेवढंच विचारतात.

*

पहिल्या दिवशी बायकोनं, कमलानं, मला जवळजवळ ढकलतच नेलं. मोठ्या डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं होतं, म्हणून मी सुयांना तयार झालो. डॉक्टरम्मांनी पहिली सुई टोचली ती गुडघ्यामागे, दुसरी घोट्याजवळ. मी म्हटलं, अम्मा, दुखतंय ते पाठीत. त्यांनी शांतपणे तिसरी सुई हातावर टोचली.

"सार, घरी पंखा लावायला पंख्यावर चढता का?"

त्यानंतर सुई कुठे जाते हे विचारणं मी सोडून दिलं.

*

शेजारच्या खाटेवर सेल्वम असायचा. पडद्याच्या खालून त्याचे तळवे तेवढे दिसायचे, बाकी सगळा आवाज. एकदा मी माझी पाठ कशी गेली ते रंगवून सांगत होतो. जुन्या बस स्टँडच्या पुढे जो स्पीडब्रेकर आहे, त्यावरून एका टाउन बसवाल्यानं गाडी अशी उडवली की मी मागच्या सीटवरून वर गेलो आणि खाली आलो तो वाकडाच. त्या ड्रायव्हरचा मी यथासांग उद्धार केला. पडद्याखालच्या तळव्यांची बोटं आखडली.

मग सेल्वम म्हणाला, "सार, ती बस माझी. माझीही पाठ तिथेच गेली."

हसलो तर सुया हलतात, म्हणून दोघांनीही दात आवळून धरले. तेव्हापासून आमची मैत्री आहे.

*

तिसरी खाट रुक्मिणीअक्कांची. इथे पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आमच्याच मराठी माणसांतल्या, वीणा शिकवतात. जन्मभर मांडी घालून बसण्यानं कंबर धरलेली. आमच्या रोज गप्पा, पण चेहरा एकमेकांना ठाऊक नाही, कारण दोघंही कायम पालथे! एकदा मी बाजारात वांगी उचलायला वाकलो आणि सवयीनं कण्हलो. मागून एक बाई म्हणाल्या, "अय्यो, तुम्ही पहिल्या खाटेचे ना?"

चेहऱ्यावरून नाही, कण्हण्यावरून ओळखलं मला.

*

आता खरी गोष्ट. आमच्या सुमाचं लग्न ठरलं, मुलगा कुंभकोणमचा, तमिळ. सुमाला मराठी सगळं कळतं, पण आम्ही मराठीत बोलायचं आणि तिनं तमिळमध्ये उत्तर द्यायचं, हे लहानपणापासूनचं. त्यामुळे तमिळ जावयाचं कोणालाच काही वाटलं नाही. अडचण वेगळीच निघाली. त्यांच्यात नवरा ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधतो तेव्हा नवरी वडिलांच्या मांडीवर बसते, आणि वडील भाताच्या पोत्यावर.

माझा धाकटा भाऊ चेन्नईत असतो, रोज जिमला जातो. त्यानं फोन केला, "अण्णा, तू कशाला त्रास घेतोस? मी बसतो." कमलालाही ते पटलं. मला रात्रभर झोप नाही. मुलगी माझी, मांडी याची?

सकाळीच दवाखाना गाठला. म्हटलं, अम्मा, काही करा, मला मुलीला मांडीवर घ्यायचंय. डॉक्टरम्मांना वाटलं तान्हं बाळ आहे. विचारतात, वजन किती?

"अम्मा, तिचं लग्न आहे."

त्या खळखळून हसल्या. मग माझं तोंड बघून थांबल्या. म्हणाल्या, वचन देत नाही, सुया देते. पण व्यायाम चुकवायचा नाही.

*

व्यायाम म्हणून मी घरी तांदळाची पिशवी मांडीवर घेऊन बसू लागलो. आधी लहान, मग मोठी. सुमा सुट्टीला आली तेव्हा तिनं हे पाहिलं. माझा चेहरा किती वाकडा होतो तेही पाहिलं. तशीच आत गेली. कमला मात्र दारातून म्हणाली, "आशीर्वाद देऊन झाला असेल तर सोडा, तो तांदूळ शिजवायचाय."

*

मुहूर्ताला पहिल्या रांगेत डॉक्टरम्मा, शेजारी रुक्मिणीअक्का आणि ड्यूटीवरून तसाच खाकीत आलेला सेल्वम. या तिघांना तिथे पाहून मला भरून आलं. आजही येतं. परक्या माणसाच्या कमरेसाठी कोण एवढा जीव टाकतं! भाऊ माझ्या मागे उभा होता, वेळ पडली तर धरायला.

मी पोत्यावर बसलो. सुमा नऊवारीत आली, मांडीवर बसली. काहीच दुखेना! मनातल्या मनात मी डॉक्टरम्मांना नमस्कार केला. मग लक्षात आलं, दुखेना कारण वजनच नव्हतं. खाली पाहिलं. तिनं दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवले होते. बसल्याचं नुसतं सोंग, आणि पाय थरथरत होते.

मी तिच्या कानाशी म्हणालो, "सुमे, नीट बैस."

"नको अप्पा. तुम्हांस दुखेल."

मराठीत म्हणाली.

"दुखू दे. बैस तू."

तिनं अंग सोडलं. नादस्वरम टिपेला पोचलं, जावयानं ताली बांधली, अक्षता पडल्या. गुरुजींनी आम्हाला उठायची खूण केली. एकदा केली, पुन्हा केली. आम्ही तसेच. डॉक्टरम्मा खुर्चीतून अर्ध्या उठल्या. भाऊ घाबरून खाली वाकला.

"अण्णा, पाठ धरली का?"

"नाही रे," मी म्हणालो, "ही उठत नाहीये."