गणपतरावांच्या काळजाला नावं ठेवणारं मशीन

उमरेडचे गणपतराव पराते चिडले, की कळ दाबल्यासारखी त्यांची मिशी थरथरायची. नागपुरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात त्या दिवशी ती थांबेचना.

मोतीबिंदूनं उजवा डोळा पार धुरकटला होता. करवतकाठी लुगड्याच्या काठातले लाल आणि काळे धागे त्यांना एकसारखेच दिसत. जन्म हातमागावर गेलेल्या माणसानं मग करावं काय? ऑपरेशन ठरलं, पण आधी ईसीजी काढायचा होता. आणि मशीननं ईसीजीच्या कागदी पट्टीच्या डोक्यावर आपणहून छापलं, ठोके अनियमित!

"काका, आधी हृदयाचे डॉक्टर, मग डोळा," ईसीजी काढणारी नूपुर म्हणाली.

"माझं काळीज अनियमित?" गणपतराव ताडकन उठून बसले. "अवं पोरी, माझ्या मागाच्या ठोक्यावर अख्खी गल्ली विणत होती! अन् हा डबा मले बेताल म्हणते?"

"ते पट्टीवरच्या रेघेत प्रत्येक ठोक्याचं उंच टोक शोधतं अन् दोन टोकांमधलं अंतर मोजतं. तुमची अंतरं कमीजास्त आली."

"मंग त्याचंच मोजणं चुकलं असन!"

"भांडू नका जी," कोपऱ्यातून त्यांची बायको सुभद्राबाई म्हणाल्या. "मशीन काय तुमचा साळा आहे?"

नूपुरनं पुन्हा तारा लावल्या. गणपतराव छताकडं डोळे वटारून पडले. पुन्हा तेच छापून आलं.

"चाल वं, घरी! आंधळा राहीन, पण याचं ऐकणार नाही!"

"आधी सांगा, पाय काहून मारून राहिले?" सुभद्राबाईंनी विचारलं.

पाहतात तर काय! पडल्यापडल्या त्यांचे पाय मागाच्या पावड्या दाबत होते. डावा, उजवा, डावा. जीव बेचैन झाला, की ते असेच विणायला लागत. घोट्याच्या तारेतून ते झटके पट्टीत उतरत आणि मशीन त्यांनाही ठोक्यांत धरी.

सुभद्राबाईंनी दोन्ही पाय घट्ट दाबून धरले. "खुश होऊ नका. सेवा नाही करून राहिली."

या खेपेला पट्टी स्वच्छ आली. डॉक्टरांनीही ती पाहून होकार दिला.

"पण काका, ऑपरेशनलाही असंच निपचित पडावं लागेल," नूपुर म्हणाली.

गणपतरावांची मिशी पुन्हा थरथरली. "दोरी आण अन् पाय बांधून टाक! पण त्या डब्याले आत येऊ देऊ नको."